वर्णपटातल्या पट्ट्यांची सरासरी

प्रश्न : रोपांसाठीच्या पांढऱ्या एलईडी दिव्याचा वर्णपट ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंत मोजला. निळ्या, हिरव्या, लाल पट्ट्यांची सरासरी आलेखावर कशी दाखवू?

उत्तर : आधी तरंगलांबींमधलं अंतर तपासा. बऱ्याच स्पेक्ट्रोमीटरमध्ये ते सगळीकडे सारखं नसतं. अशा वेळी नुसत्या आकड्यांची सरासरी काढली, तर जिथे नोंदी दाट, तिकडे ती झुकते. म्हणून पट्ट्यातल्या वक्राखालचं क्षेत्रफळ काढून त्याला पट्ट्याच्या रुंदीने भागा.

सरासरी पट्टाभर आडव्या रेघेने दाखवा. मध्यबिंदू जोडलेत, तर नसलेला उतार दिसू लागतो. मूळ वक्र मागे फिकट रंगात ठेवाच. ४५० नॅनोमीटरच्या आसपासचं टोकदार शिखर सरासरीत पार सपाट होतं, आणि या दिव्याचा निळा प्रकाश मुख्यतः तिथेच एकवटलेला असतो.