नामाचा प्रवास आणि कीर्तनकाराचे व्रत

(अध्याय ९, श्लोक १४ यास अनुसरून)

श्रीमद्भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायातील चौदाव्या श्लोकात भगवंतांनी महात्म्यांच्या उपासनेची रीत सांगितली आहे. हे भक्त सतत भगवंतांचे कीर्तन करतात, यत्नशील असतात, त्यांचे व्रत दृढ असते, ते भक्तीने नमन करतात व नित्य युक्त राहून उपासना करतात, असा त्या श्लोकाचा आशय आहे. येथे कीर्तन हा शब्द एकटा आलेला नाही, हे अभ्यासकांनी प्रथम ध्यानात घ्यावे. त्याच्या आधी सातत्य आहे आणि त्याच्या मागोमाग यत्न, व्रत व नमन आहे. ही सोबत सुटली की उरते ते केवळ गायन.

हा विचार आज विशेष अगत्याचा झाला आहे. देशोदेशीच्या योगशाळांत सायंकाळी आसनांच्या चटया बाजूस सारतात, पेटी व मृदंग पुढे येतात, आणि दौऱ्यावर आलेला कीर्तनकार नामावलीचा एक चरण म्हणतो तो समोरची मंडळी परत म्हणतात. महाराष्ट्रात कीर्तन म्हणजे निरूपण आलेच. योगशाळांतील हा प्रकार आपल्या नामसंकीर्तनाच्या अधिक जवळचा आहे. आज एक नगर, उद्या दुसरे, असा हा क्रम चालतो आणि प्रवेशासाठी बहुधा शुल्क असते. ज्यांचे मुलगे व सुना परदेशी अशा शाळांत जातात, त्या गृहस्थांच्या मनात साहजिकच प्रश्न येतो, की ही उपासना म्हणावी की करमणूक? याचे उत्तर वरील श्लोकातच शोधिले पाहिजे.

म्हैसूरचा धागा

योगशाळा आणि दौरा यांचा संबंध पाहावयाचा तर म्हैसूर नगरीकडे वळावे लागते. १९३३ मध्ये नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या आश्रयाने तिरुमलै कृष्णमाचार्य यांनी तेथील जगन्मोहन राजवाड्यात योगशाळा चालविण्यास आरंभ केला. ही शाळा १९५० मध्ये बंद झाली. परंतु तिचे शिष्य तोवर चारी दिशांस गेले होते. १९३६ मध्ये योगप्रदर्शनासाठी निघालेली मंडळी हुबळी, धारवाड, बेळगाव या भागात आली. त्यांतील तरुण बी. के. एस. अय्यंगार यांस पुढील वर्षी पुण्यास पाठविण्यात आले, आणि पुणे हेच त्यांचे कायमचे कार्यक्षेत्र झाले.

कृष्णमाचार्यांचे दुसरे शिष्य पट्टाभि जोइस यांनी १९४८ मध्ये म्हैसूरच्या लक्ष्मीपुरम् भागात आपली संस्था स्थापिली. ते संस्कृतज्ञ होते. त्यांच्या शाळेत अभ्यासाचा आरंभ मंत्राने होई; गुरूंनी म्हणावे व शिष्यांनी मागोमाग म्हणावे, अशी पद्धत होती. १९७५ मध्ये ते पुत्र मंजू यांच्यासह प्रथम अमेरिकेस गेले. मंजू तेथेच राहिले आणि देशोदेशी शिबिरे घेताना आसनांच्या जोडीने शांतिमंत्रांचे पठणही शिकवीत राहिले. इकडे म्हैसुरात येणाऱ्या परदेशी साधकांना डॉ. एम. ए. जयश्री व त्यांचे बंधू एम. ए. नरसिंहन यांनी संस्कृत पठण व योगसूत्रे शिकविली.

याच धाग्याचे एक टोक न्यूयॉर्क येथे पोहोचते. तेथील जीवमुक्ती योगशाळेचे संस्थापक शॅरन गॅनन व डेव्हिड लाइफ हे पट्टाभि जोइस यांच्याकडे शिकलेले. अमेरिकेत जन्मलेले कृष्णदास १९७० मध्ये भारतात आले व नीम करोली बाबांचे शिष्य झाले. बाबांनी १९७३ मध्ये देह ठेविला. पुढे १९९४ मध्ये कृष्णदासांनी याच योगशाळेत नामसंकीर्तन सुरू केले. त्यानंतर योगशाळांतून कीर्तनाचे दौरे करण्याची प्रथा पाश्चात्त्य देशांत वाढत गेली.

हरिदासांची वाट

नाम घेऊन हिंडणे ही गोष्ट मात्र नवी नाही. म्हैसूरजवळील बन्नूर हे श्रीव्यासरायांचे जन्मस्थान. त्यांचे शिष्य पुरंदरदास यांनी सावकारीचे वैभव सोडून हाती तंबोरा घेतला, मधुकरी मागितली, आणि आपल्या पदांवर मुद्रा घातली ती विठ्ठलाची. पंढरीचा देव कन्नड भाषेत असा घरोघर पोहोचला. तेराव्या-चौदाव्या शतकांत नामदेवराय थेट पंजाबापर्यंत गेले. घुमान येथे त्यांचे स्थान आहे आणि त्यांची एकसष्ट पदे श्रीगुरुग्रंथसाहिबात आहेत. परकी भाषा, परका मुलूख, अनोळखी श्रोते या अडचणी त्यांच्याही पुढे होत्या. तेव्हा प्रवास हा दोष नव्हे. प्रवासात बरोबर काय नेले, नाम की स्वतःचे नाव, एवढाच प्रश्न आहे.

श्लोकातील चार खुणा

पहिली खूण सातत्य. जो व्यासपीठावरच नाम घेतो आणि आगगाडीत, विमानतळावर, मुक्कामाच्या खोलीत ते विसरतो, त्याचे कीर्तन सतत नाही. दौऱ्यातील खरे साधन सभेच्या दोन तासांत नसून उरलेल्या बावीस तासांत आहे.

दुसरी खूण यत्न. सहाव्या अध्यायात आहार, विहार, निद्रा व जागरण यांचे प्रमाण राखण्यास सांगितले आहे. रोज नवे अंथरूण व नवे अन्न ज्याच्या वाट्यास येते, त्यास हे प्रमाण राखणे घरच्या माणसापेक्षा कठीण. उच्चार शुद्ध ठेवणे, अर्थ समजून घेणे व समजावून देणे, हाही यत्नच होय.

तिसरी खूण दृढ व्रत. बाराव्या अध्यायात प्रिय भक्ताचे वर्णन करिताना भगवंतांनी त्यास घराची आसक्ती नसलेला, परंतु स्थिर बुद्धीचा म्हटले आहे. फिरत्या कीर्तनकारास याहून उचित वर्णन सापडणार नाही. घर बदलते, बुद्धी बदलू नये. एका गावी पाचशे लोक आले व दुसऱ्या गावी पाच, तरी नामाचा दर्जा एकच राहिला पाहिजे. मान व अपमान यांत समत्व राखण्याचा उपदेश त्याच ठिकाणी आहे.

चौथी खूण नमन. संकीर्तनाच्या रचनेतच एक शिकवण दडलेली आहे. अग्रणी एक चरण म्हणतो, मग समुदाय म्हणतो. म्हणजे अर्धा वेळ अग्रणी हा श्रोता असतो. दहाव्या अध्यायात भक्त परस्परांस बोध करितात असे म्हटले आहे, त्याचे हे प्रत्यक्ष रूप होय. समुदायाचा आवाज ऐकताना ज्याचे मस्तक लवते तो कीर्तनकार. आपल्याच आवाजाची वाट पाहतो तो गवई.

शंका-समाधान

शंका : ज्यांस भाषा व देवता यांचे ज्ञान नाही, त्यांच्या मुखी नाम शोभते काय?
समाधान : आपल्या भजनातील पेटी हे वाद्य मूळचे युरोपातील. गेल्या दीडशे वर्षांत आपण ते इतके आपलेसे केले, की तिच्यावाचून भजन सुने वाटते. परके वाद्य ज्यास चालले, त्यास परका कंठ का चालू नये? परंतु अर्थ सांगण्याचे दायित्व अग्रणीवर आहे. अर्थावाचून नाम देणे म्हणजे पत्ता न सांगता वाटेस लावणे.

शंका : लोक तेथे आरोग्यासाठी येतात. तेथे भक्ती कशी रुजेल?
समाधान : नामाने शरीरासही लाभ होतो. २००१ मध्ये इटलीतील संशोधक लुचियानो बेर्नार्दी व त्यांचे सहकारी यांनी तेवीस निरोगी व्यक्तींवर प्रयोग केला. जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना अथवा मंत्र म्हणताना श्वासाची गती मिनिटास सुमारे सहापर्यंत मंदावते व हृदयाच्या लयीस सुसूत्रता येते, असे त्यांस आढळले. हा लाभ खरा, तथापि तो वाटेवरील सावलीसारखा आहे. सावलीत थोडे बसावे, पण मुक्काम तेथे नाही. सातव्या अध्यायात आर्त व अर्थार्थी यांसही भगवंतांनी सुकृती म्हटले आहे. कोणत्याही निमित्ताने आलेल्यास परत लावू नये.

शंका : कीर्तनाचे द्रव्य घ्यावे काय?
समाधान : हा प्रश्न सर्वांत अवघड आहे. कीर्तन करावे तेथील अन्नही घेऊ नये, असा तुकोबारायांचा कडक दंडक. नारदीय परंपरेत आरतीचे तबक फिरते व ज्याची जशी श्रद्धा तसे तो त्यात घालतो. शुल्काची प्रवेशपत्रिका हा तिसरा प्रकार. प्रवासभाडे, जागेचे भाडे, साथीदाराचा निर्वाह हे खर्च नाकारता येत नाहीत. फिरत्या कीर्तनकाराच्या घरीही चूल असते. तथापि तबक आणि पत्रिका यांत भेद आहे. तबक आत आलेल्यापुढे येते, पत्रिका दाराशीच अडविते. म्हणून मर्यादा अशी ठेवावी, की द्रव्य खर्चाचे घ्यावे, नामाचे नव्हे. हिशेब उघडा असावा. आणि ज्यापाशी द्रव्य नाही त्यास दार मोकळे असावे. द्रव्याभावी एकही जिज्ञासू परत गेला, तर त्या दिवशी सभा भरली असली तरी व्रत मोडले असे समजावे.

गृहस्थांचे कर्तव्य

गृहस्थांनी दुरून दोष काढीत बसू नये. १) कीर्तनकार गावी आल्यास त्यास साधे भोजन व वेळेवर विश्रांती द्यावी. २) त्याच्या गळ्याची स्तुती करण्याऐवजी नामाचा अर्थ विचारावा, त्याने त्याचेही रक्षण होते. ३) परदेशी असलेल्या मुलांनी योगशाळेतील कीर्तनाची वार्ता लिहिली तर हसू नये, कोणते नाम म्हटले, त्याचा अर्थ काय, हे पत्रातून व दूरध्वनीवरून सांगावे. ४) आपल्या घरी रोज सायंकाळी पाव घटका का होईना, सर्वांनी मिळून नाम घ्यावे.

यांतील चौथी गोष्ट मुख्य आहे. ज्या घरात दिवेलागणीस नाम नाही, त्या घरातील मुलास ते सातासमुद्रापलीकडे, प्रवेशपत्रिका काढून ऐकावे लागते. तेथे ते मिळाले तर भाग्यच. परंतु घरी विनामूल्य होते ते देण्यास आपण विसरलो, याचा दोष त्या फिरत्या कीर्तनकाराकडे जात नाही.