आल्प्सचे घाट आणि आमची सिल्लेवानी



उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की कोण कुठे फिरून आले याच्या गोष्टी आठवडाभर चालतात. या वेळी नववीच्या वर्गात मात्र एक वेगळाच विषय निघाला. युरोपातील काही हौशी लोक आपापल्या स्पोर्ट्‌स कार घेऊन, दहा-पंधरा गाड्यांचा मेळ जमवून उन्हाळ्यात चार-पाच देश फिरून येतात. त्याची चित्रफीत मुलांनी मोबाईलवर पाहिली होती. एका मुलाने विचारले, "सर, ते दोनशेच्या वेगाने जातात, मग आम्ही साठने गेलो तर सगळे का रागावतात?" प्रश्न रास्त आहे. दटावून त्याचे उत्तर होत नाही, म्हणून या अंकातील पाठ त्यावरच देत आहोत.

प्रथम ही हौस समजून घेऊ. आपल्याकडे शंकरपटाचा शौकीन शेतकरी जोडीला स्वतःच्या हाताने चारतो, तिच्यासाठी दूरदूर जातो आणि तिच्याविषयी बोलायला बसला की उठत नाही. तिकडे गाड्यांचे तसेच आहे. स्पोर्ट्‌स कार म्हणजे बहुधा दोन माणसांची, बुटकी, रुंद टायरांची गाडी. सामान ठेवायला तीत जागा नाही. आमच्या मते ती घरच्या कामाची वस्तूच नव्हे! पण तिचे वजन जमिनीजवळ असते, त्यामुळे वळणावर ती कमी कलते. १९६१ साली इंग्लंडच्या जॅग्वार कंपनीने काढलेली ई-टाइप ही अशा गाड्यांत फार नावाजलेली. तीच जॅग्वार कंपनी २००८ पासून आपल्या टाटांच्या मालकीची आहे.

इंग्लंडहून निघालेला मेळ समुद्राखालच्या बोगद्यातून फ्रान्सला पोहोचतो. हा बोगदा १९९४ साली सुरू झाला. त्यात गाडी स्वतः चालवायची नसते, आगगाडीवर चढवायची असते, आणि सुमारे ३५ मिनिटांत पलीकडे उतरायचे. इंग्लंडमध्ये आपल्यासारखे डावीकडून चालतात, पलीकडे उजवीकडून. पहिल्याच चौकात मनाला वळण लावावे लागते. पुढे फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली या देशांच्या सीमा ओलांडताना साधारणपणे नाक्यावर थांबावे लागत नाही. आपण सौंसरहून सावनेरला जातो तसेच, फक्त पाट्यांची भाषा बदलते.

उन्हाळाच का? कारण या सहलीचा खरा आनंद आल्प्स पर्वताच्या घाटांत आहे, आणि उंचावरचे बरेच घाट हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतात. इटलीतील स्टेल्व्हिओ घाट सुमारे २७५७ मीटर उंचीवर आहे. तो १८२० ते १८२५ या काळात बांधला गेला. एका बाजूने चढताना ४८ उलटी, यू आकाराची वळणे लागतात. म्हणजे आपल्या बोर घाटातून १८३० साली गाडीरस्ता सुरू झाला, त्याच्या थोडाच आधीचा तो आहे. ऑस्ट्रियातील ग्रोसग्लॉकनर रस्ता १९३५ साली खुला झाला. तो ४८ किलोमीटर लांब असून त्यावर ३६ वळणे आहेत, आणि रात्री तो बंद ठेवतात.

आता विज्ञानाकडे वळू. उलट्या वळणाची त्रिज्या १५ मीटर धरा. गाडी वळणावर टिकते ती टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणामुळे. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.७ घेतला, तर वेगाचा वर्ग = ०.७ × ९.८ × १५, म्हणजे जवळजवळ १०३. त्याचे वर्गमूळ सुमारे १० मीटर प्रति सेकंद, म्हणजेच ताशी ३६ किलोमीटर. पाऊस पडून गुणांक ०.४ झाला की हाच आकडा २८ च्या आत येतो. या सूत्रात गाडीचे वजन कुठेच नाही हे ध्यानात आले का? समीकरणाच्या दोन्ही बाजूंना ते येते आणि कटून जाते. किंमत तर मुळातच नाही. चांगल्या टायरांमुळे कोटी रुपयांची गाडी थोडी जास्त वेगाने वळेल, पण दोनशेवाली गाडीसुद्धा त्या वळणावर सायकलस्वाराने मागे टाकावी इतकी हळू होते. चित्रफितीत हा भाग बहुधा कापलेला असतो.

दोनशेचा वेग येतो तो जर्मनीच्या ऑटोबानवर. तिच्या बऱ्याच भागावर कायमची वेगमर्यादा नाही, १३० चा सल्ला मात्र आहे. तेथे समोरून वाहन येत नाही, बैल येत नाही, पायी माणूस येत नाही. उजवीकडून ओव्हरटेक करणे मना आहे. पेट्रोल संपून गाडी उभी राहिली तरी दंड होऊ शकतो, कारण पेट्रोल पाहून निघणे ही चालकाची जबाबदारी. आम्हाला सर्वात आवडलेला नियम वेगळाच आहे. रहदारी तुंबली की सर्वात डावीकडच्या रांगेतील गाड्या डावीकडे आणि बाकीच्या उजवीकडे सरकतात, आणि मध्ये रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी राहते. रुग्णवाहिका येण्याची वाट न पाहता ही वाट आधीच करायची असते. स्वित्झर्लंडच्या डोंगरी टपालरस्त्यांवर पिवळ्या टपाल-बसला पहिला मान आहे. ती तीन सुरांचा भोंगा वाजवते, आणि फेरारीवाल्यालाही बाजूला व्हावे लागते. त्याच देशात गंभीर गुन्ह्याचा दंड कमाई पाहून ठरतो. २०१० साली एका श्रीमंत फेरारी-चालकाला गावातून बेदरकार वेगाने गेल्याबद्दल सुमारे तीन लाख फ्रँक भरावे लागले.

आता पुन्हा गणित. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरू, आणि कोरडा रस्ता व चांगले ब्रेक धरू. ताशी ५० च्या वेगात गाडी थांबायला एकूण सुमारे २८ मीटर लागतात. १०० च्या वेगात ५६ लागतील असे वाटते, पण लागतात ८३. कारण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. वेग दुप्पट, तर अंतर चौपट. २०० च्या वेगात हा आकडा पावणेतीनशे मीटरवर जातो. ऑटोबानवर तेवढी जागा पुढे दिसते. पांढुर्ण्यातून जाणाऱ्या ४७ क्रमांकाच्या राष्ट्रीय राजमार्गावर, संत्र्याच्या हंगामात, रस्त्याकडेला ट्रक उभे असताना ती दिसते का, हे तुम्हीच पाहा.

सौंसरहून छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानीची घाटी लागते. आमच्या दृष्टीने तीच आपली प्रयोगशाळा. पेट्रोल वाचवायला काही जण उतारावर गाडी न्यूट्रल करतात. मग सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. आल्प्समध्येही जाणता चालक चढताना जो गिअर लागला, जवळपास त्याच गिअरमध्ये उतरतो. रुंदी अपुरी असेल तेथे चढणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावे, हा नियम आपल्या देशातही आहे. आपल्याकडच्या भरलेल्या ट्रकचे जुने ड्रायव्हर तो पाळतात, नवे मोटारसायकलवाले पाळत नाहीत.

आणि वेगाचीच हौस असेल तर तिला जागा आपल्या मध्यप्रदेशातही आहे. इंदूरजवळ पिथमपूर येथे नॅट्रॅक्स ही वाहन-परीक्षण संस्था आहे. तिचा ११.३ किलोमीटरचा अंडाकृती वेगमार्ग २९ जून २०२१ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते सुरू झाला. त्याच्या वळणांची बाहेरची बाजू उचललेली आहे, म्हणून तेथे वळणाचे काम केवळ घर्षणावर राहत नाही. ताशी ३७५ किलोमीटर वेग सोसेल अशी ती वळणे आहेत. तेथे काम करायचे असेल तर गणित आणि भौतिकशास्त्र लागेल. आपल्या मुलांपैकी कोणी अभियंता होऊन तेथे जावे असे आम्हाला फार वाटते.

पालकांसाठी थोडे. बारावीच्या आधीच मोटारसायकलची चावी मुलाच्या हाती देणारी घरे आपल्या दोन्ही गावांत आहेत. २०१९ च्या दुरुस्त कायद्याप्रमाणे अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. वाहनाची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की शाळेच्या आवारात परवान्याशिवाय आणलेली दुचाकी उभी करू देऊ नये, आणि त्या जागी सायकलींसाठी छप्पर घालावे.

स्वाध्याय : नववी व दहावीच्या मुलांनी चौघांचा गट करून शाळेच्या मैदानावर सायकलने हा प्रयोग करावा. चुन्याची रेघ आखा. रेघेआधीचे दहा मीटर किती सेकंदांत गेले ते मोजून वेग काढा, आणि रेघेवर ब्रेक दाबा. आधी हळू, मग त्याच्या दुप्पट वेगाने, प्रत्येकी पाच वेळा. थांबण्याचे अंतर मोजून सरासरी काढा आणि ते चौपट येते का ते पाहा. न आल्यास कारण लिहा. पाऊस पडल्यावर ओल्या मैदानावर फक्त हळू वेगाचाच प्रयोग करावा. टेप आणि स्टॉपवॉच क्रीडाशिक्षकांकडे मिळेल. वह्या शनिवारी आमच्याकडे द्याव्या.