राजिमला सवडीनं जा

अगं, रायपूरला येऊन तुला फार दिवस झाले नाहीत, आणि आषाढी जवळ आली की तुझा जीव पंढरपूरकडे ओढ घेतो, हे तुझ्या आवाजावरूनच कळतं मला. या मुलखात आपली माणसं भोसल्यांच्या काळापासून आहेत. बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार बघायचे, तेव्हापासून. महाराष्ट्र मंडळात जा, गणपतीत मिसळ, सगळं कर. पण या मातीशी नातं जोडायचं असेल ना, तर राजिमला जा. आणि माझं एक ऐक, सवडीनं जा.

रायपूरहून 45 किलोमीटर, म्हणजे घरातलं आवरून निघालीस तरी चालेल. महानदी, पैरी आणि सोंढूर तिथे एकत्र येतात. पुरीच्या जगन्नाथाला गेलेला माणूस राजिमला टेकल्याशिवाय त्याची यात्रा पुरी होत नाही, असं इथली जुनी माणसं मानतात. माघ पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत मोठा मेळा भरतो. तो बघच, पण पहिली भेट मेळ्यातली नको. गर्दीत देव क्षणभर दिसतो आणि मागचा लोंढा आपल्याला पुढे ढकलतो. थंडीतला एखादा साधा वार धर.

राजिमचा देव राजीवलोचन म्हणजे विष्णू, शंख-चक्र-गदा-पद्म धारण केलेला. सकाळी तो बाळ, दुपारी तरुण आणि रात्री वृद्ध दिसतो, असा इथला भाव आहे. म्हणून म्हणते, घाई करू नकोस. सकाळचं दर्शन घे, मग महामंडपात निवांत फिर. दगडी खांबांवर गंगा-यमुना आहेत, वराह आहे, नरसिंह आहे, अष्टभुजा दुर्गा आहे. एकेका खांबापाशी उभी राहा. भिंतीतले शिलालेख वाचता आले नाहीत तरी नजरेखालून घाल. त्यातला एक नलवंशी राजा विलासतुंगाचा, बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीचा. आपल्या गेलेल्या मुलाला पुण्य लाभावं म्हणून त्यानं विष्णूचं देऊळ बांधलं, असं त्यात कोरलंय. दुसरा जगपालाचा, 1145 सालचा.

राजाचं देऊळ बघून परत फिरू नकोस हं. त्याच आवारात राजिम तेलिणीचं छोटं देऊळ आहे. गाभाऱ्यातल्या शिळेवर उघडा हात, सूर्य, चंद्र आणि खाली बैलाचा घाणा कोरलाय. तिला नदीत एक शिळा सापडली, आणि त्या शिळेच्या पुण्याईनं तिचं तेल कधी आटलंच नाही, अशी कथा सांगतात. गावाला नावही या तेलिणीचंच, असं लोक मानतात. साहू समाज 7 जानेवारीला तिची जयंती करतो. लेक गमावलेला राजा आणि घाण्यावर राबणारी बाई, दोघांचीही आठवण या आवारात जपलेली आहे. मला राजिम आवडतं ते यासाठी.

मग संगमावर जा. नदीच्या पात्रातच उंच जोत्यावर कुलेश्वर महादेव आहे. पावसाळ्यात त्याला पाण्याचा वेढा पडतो. काठावर कुणी अस्थी घेऊन आलेलं असतं, कुणी पिंडदानाला बसलेलं. तिथे मोबाइल पर्समध्येच राहू दे.

आणि तुझी ती वारीची हुरहुर! इथेही पायी यात्रा आहे, पंचकोशी. हिवाळ्यात निघते. कुलेश्वरापासून पटेवा, चंपारण, बम्हनी, फिंगेश्वर, कोपरा अशी महादेवाची ठाणी करत माणसं राजिमला परततात. बाया डोक्यावर शिधा घेऊन चालतात, मुक्कामाला चूल मांडतात. चंपारण तर वल्लभाचार्यांचं जन्मस्थान, त्यामुळे गुजराती वैष्णवही तिथे भेटतात. सगळी वाट झेपणार नसेल तर एकच टप्पा चाल.

शेवटचं सांगते. पहिल्या खेपेला नवऱ्याबरोबर गाडीतून भुर्रकन जाऊन येऊ नकोस. शेजारच्या काकींना विचार, "काकी, राजिमला नेता का मला?" प्रसादाचा पीडिया कुठे घ्यायचा, तेलीण मातेला काय वाहायचं, हे त्या सांगतील. जाता-येता त्यांच्या माहेरच्या गोष्टी निघतील, तुझ्याही निघतील. परक्या गावात पहिली मैत्रीण अशीच मिळते गं.