ताडोबाला जायचे ठरले

शहाड हे कल्याणच्या पुढचे, कसाऱ्याच्या बाजूचे पहिले स्टेशन. गाव उल्हास नदीच्या काठचे. इथे रेयॉनचा, म्हणजे कृत्रिम रेशमाच्या धाग्याचा, मोठा कारखाना आहे. त्या कारखान्यात तात्यांनी तीस वर्षे पाळ्या केल्या. आता ते घरी असतात. काकू दोन वर्षांपूर्वी आपल्या वर्गात येऊन लिहा-वाचायला शिकल्या.

काकूंचे माहेर चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ. लहानपणी त्यांचे वडील पौष महिन्यात बैलगाडीने ताडोबाच्या जत्रेला जात. तिथे रानात एक मोठे तळे आहे. तळ्याकाठी झाडाखाली तारू देवाचे ठाणे आहे. तारू हा गावाचा प्रमुख होता. वाघाशी झुंजताना तो मेला, आणि लोकांनी त्याला देव मानले, असे तिकडचे गोंड लोक सांगतात. त्याच्याच नावावरून ताडोबा हे नाव पडले म्हणतात. वडील मुलींना बरोबर नेत नसत. काकूंनी तळ्याच्या गोष्टी ऐकल्या, तळे कधी पाहिले नाही.

या दिवाळीला भिशीचे पैसे हाती आले. तात्या म्हणाले, "घराला रंग काढू."

काकू म्हणाल्या, "रंग पुढल्या वर्षी. मले तळं पाहाचं हाय."

तात्या हसले. "तिकिटाचे एवढे पैसे घालायचे, आणि वाघ दिसलाच नाही तर? सगळे पैसे पाण्यात!"

"मी पाणीच तर पाहाले चालली," काकू म्हणाल्या.

आता रानात जायचे म्हणजे पिशवी उचलली आणि निघालो असे होत नाही. ताडोबा हे राखीव रान आहे. 1935 मध्ये तिथली शिकार बंद झाली. 1955 मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे शेजारचे अंधारीचे अभयारण्य जोडून वाघांसाठीचा मोठा राखीव टापू झाला. अंधारी हे त्या रानातून वाहणाऱ्या नदीचे नाव. आत पायी फिरता येत नाही. उघडी जीप घ्यावी लागते. तिला तिकडे सगळे जिप्सीच म्हणतात. एका जिप्सीत सहा प्रवासी, शिवाय चालक आणि वाटाड्या. वाटाडे आसपासच्या गावांतलेच असतात. त्यांत बायाही आहेत. फेऱ्या दोन, एक उजाडताना आणि एक दुपारची. जागा आधी राखून ठेवावी लागते.

जायचे कधी? इथे तात्या आणि काकूंचे चार दिवस बोलणे चालले. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, आतले रान बंद असते. एप्रिल-मे महिन्यांत रानातले ओढे आटतात, म्हणून जनावरे तळ्यावर आणि पाणवठ्यांवर येतात. वाघ पाहायचा तर हेच दिवस चांगले. पण चंद्रपूरचे ऊन म्हणजे काय ते काकूंना ठाऊक होते. पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. तात्यांना तर कल्याणचे ऊनही सोसत नाही. डिसेंबरात पहाटे उघड्या गाडीत हुडहुडी भरते. शेवटी फेब्रुवारी ठरला. तेव्हा गवत वाळू लागते, झाडी विरळ होते, आणि ऊनही फार नसते. शनिवार-रविवारी गर्दी जास्त आणि दरही जास्त, म्हणून मधलाच वार घ्यायचा. मंगळवारी रान बंद, तेवढे लक्षात ठेवायचे.

तात्यांच्या पुतण्याने सगळे काम आपल्या अंगावर घेतले. मुलगा हुशार आहे, पण घाईचा. त्याने एका दिवसात जागा राखली आणि काकूंना वहीच्या पानावर मराठीत लिहून दिले. कल्याणहून रात्रीच्या नागपूरच्या गाडीने वर्धा. वर्ध्याहून एस.टी.ने हिंगणघाट, वरोरा, भद्रावती करीत चंद्रपूर. तिथून तीस किलोमीटरच्या आसपास मोहर्ली. मुक्काम मोहर्लीला. दुसऱ्या दिवशी पहाटे फेरी.

काकू ते पान रोज वाचत. बोट ठेवून, एकेक अक्षर लावून वाचत. तिसऱ्या दिवशी त्यांचे बोट एका शब्दावर थांबले.

"हे काय रे? राहाचं मोहर्लीले, अन् फाटक को-ला-रा लिहिलं?"

पुतण्या म्हणाला, "काकू, रान एकच ना! कल्याण स्टेशनात पूर्वेकडून गेलो काय आणि पश्चिमेकडून गेलो काय, गाडी तीच मिळते."

"मले नकाशा दाखव."

नकाशा पाहिला. मोहर्लीचे फाटक चंद्रपूरच्या बाजूला. कोलारा दुसऱ्या टोकाला, चिमूरच्या बाजूला. रानाला वळसा घालून जायचे तर दोन तास तरी मोडतात. फेरी उजाडताना सुटते. म्हणजे मध्यरात्री उठून, अनोळखी रस्त्याने, वेगळी गाडी करून जायचे. आणि ठरल्या वेळी ठरल्या फाटकावर पोचलो नाही तर आपली फेरी गेली. भिशीचे पैसे तेव्हा खरोखर पाण्यात गेले असते.

पुतण्याने कान पकडले. अजून वेळ होता, म्हणून मुक्काम कोलाऱ्याला हलवता आला असता, किंवा फेरी मोहर्लीची घेता आली असती. काकूंनी मोहर्लीच धरली. म्हणाल्या, "त्या वाटेनं माह्या बापाचं गाव लागते."

मग काकूंनी नावेही तपासली. ज्या ओळखपत्रावर जागा राखली तेच मूळ ओळखपत्र फाटकावर दाखवावे लागते. नाव तेच हवे, क्रमांक तोच हवा. तात्यांच्या क्रमांकात एक आकडा चुकला होता. तोही दुरुस्त झाला. आम्ही वर्गात हे ऐकले तेव्हा सगळ्या बाया टाळ्या वाजवू लागल्या, आणि काकू लाजून खाली बघत बसल्या.

शेजारच्या वहिनींनी विचारले, "सफारी, सफारी म्हणतात ती आफ्रिकेत असते ना?" ते बरोबर आहे. सफारी हा आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला शब्द. त्याचा अर्थ प्रवास. तो मूळ अरबीतून आला, आणि आपण ज्याला सफर म्हणतो तो शब्दही तिथूनच आला. केनया देशात नाकुरू नावाचे सरोवर आहे. त्याच्याभोवतीही असेच राखीव रान आहे. गेंडे, रानरेडे, जिराफ तिथे फिरतात आणि पाण्यावर गुलाबी रोहित पक्षी उतरतात. तिकडे जायचे तर पासपोर्ट लागतो, आणि पीतज्वराची लस टोचल्याचा दाखला लागतो. तो नसला तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवतात. पण रोहित पाहायला तेवढ्या लांब जायला नको. त्याच जातीचे रोहित हिवाळ्यात आपल्या ठाण्याच्या खाडीत येतात. 2015 मध्ये सरकारने तिथे त्यांचे अभयारण्य केले. ऐरोलीहून वनखात्याची होडी जाते. ज्यांना ताडोबा परवडत नाही त्यांनी ती फेरी करावी. वहिनींनी तिचे दिवस लिहून घेतले.

ताडोबाच्या तळ्यात मगरी आहेत. काठाला चितळ, सांबर, गवे पाण्यावर येतात. अस्वल मोहाच्या फुलांसाठी फिरते. वाघ दिसेल किंवा दिसणार नाही. गाडीत उभे राहून "वाघ कुठे, वाघ कुठे" असा ओरडा करणारे प्रवासी आम्ही पाहिले आहेत. त्यांना वाघ तर दिसत नाहीच, पण मोरही दिसत नाही. आत मोबाइल नेऊ देत नाहीत, ते एक बरे झाले. खाली उतरायचे नाही, जनावरांना काही खायला घालायचे नाही, भडक रंगाचे कपडे घालायचे नाहीत. काकूंनी आपले लाल लुगडे बाजूला ठेवले आणि मातकट रंगाचे काढले.

एक गोष्ट काकू कोणी न विचारता सांगतात. हे रान रिकामे नव्हते. नवेगाव, जामणी अशी आतली गावे उठवून बाहेर वसवली, तेव्हा आज वाघाला जागा झाली. आणि रानाच्या कडेच्या गावांतले लोक अजून मोह वेचायला, तेंदूपाने तोडायला पहाटे रानात शिरतात. त्यांतले काही वाघाच्या तोंडी सापडून परत येत नाहीत. "आपण गाडीत बसून पाहतो," काकू म्हणतात, "ते पायी जातेत." माहेरी पोचल्यावर त्या अशा एका घरी आधी जाणार आहेत. तिथली बाई त्यांची बालमैत्रीण.

निघायला आता आठ दिवस आहेत. शिधा नको, पण वाटेसाठी दशम्या आणि तिळाची चटणी करायची ठरली आहे. चुलीमागच्या भिंतीवर काकूंनी स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद चिकटवला आहे. अक्षर थोडे वाकडे आहे. "वार गुरुवार. फाटक मोहर्ली. ओळखपत्र दोन. शाल दोन. तात्यांच्या गोळ्या." त्याखाली वेगळ्या अक्षरात तात्यांनी लिहिले आहे, "काकूंचा चष्मा."