रडणं नको, लंगोट मोजा

बाळ संध्याकाळी रडायला लागलं की घरात निकाल लागतो: ‘हिचं दूधच पुरत नाही.’ निकाल देणाऱ्यांत आजी असते, मावशी असते, शेजारच्या काकू असतात, आणि हल्ली मोबाइलवरचे व्हिडिओही असतात. आरोपी एकटी बाळंतीण. तिचं म्हणणं सहसा कुणी विचारत नाही.

साताऱ्याला माहेरी पहिल्या बाळंतपणासाठी आलेल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या एका तरुणीच्या बाबतीत हेच झालं. सिझेरियन झालेलं. ‘टाके आहेत, कशी पाजणार?’ म्हणून बाळाला पहिल्यांदा छातीशी धरायलाच दुसरा दिवस उजाडला. मग आला घट्ट, पिवळसर चीक, तोही थेंब थेंब. नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी ‘तो जड असतो, पिळून टाक’ असं सुचवलं आणि बाळाच्या जिभेला लावायला मध काढला. वॉर्डातल्या सिस्टरनी ती बाटली तेवढ्याच तत्परतेने पिशवीत परत ठेवायला लावली.

सिस्टरचं बरोबर होतं. मधात बोट्युलिझम घडवणारे जिवाणूंचे बीजाणू असू शकतात, म्हणून वर्षाच्या आत बाळाला मध चाटवायचाही नाही. आणि चीक कमी येतो, कारण तेवढाच लागतो: पहिल्या दिवशी बाळाला एका वेळेला चहाचा चमचाभर दूध पुरतं. त्या चमचाभरात रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं आणि ‘अ’ जीवनसत्त्व ठासून भरलेलं असतं. जन्मानंतर तासाभरात पाजायला घ्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कमरेत भूल दिलेल्या सिझेरियननंतरही, आई-बाळाची तब्येत स्थिर असेल तर, कुशीवर झोपून आणि कुणाच्या तरी मदतीने ते जमतं. तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळं ४१.८ टक्केच भरली.

घरी आल्यावर खरी गोष्ट सुरू झाली. बाळ दिवेलागणीला रडायचं, पाजलं की अर्ध्या तासात पुन्हा छातीकडे तोंड वळवायचं. पावडरचा डबा आला. ‘रात्रीचंच एकदा देऊ, तिलाही झोप मिळेल.’ वरचं दूध पिऊन बाळ गाढ झोपलं, आणि सगळ्यांना पुरावा मिळाला! पण स्तनात दूध साठा करून ठेवलेलं नसतं. जेवढं निघतं तेवढं नवं तयार होतं, आतच राहिलं तर शरीर उत्पादन आवरतं घेतं. शिवाय दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त स्रवतं, आणि नेमकं तेच पाजणं गळलं. डबा एकदाचा दोनदा झाला, दोनदाचा चारदा. सुरुवातीला दूध बहुधा पुरत असावं. पुढे मात्र ते खरोखरच कमी पडू लागलं.

आता सोसायटीत नवी बाळंतीण आली की हीच तरुणी भेटायला जाते. झबलं-टोपडं बाजूला ठेवून तिचा पहिला प्रश्न असतो, ‘कालपासून लंगोट किती ओले झाले गं?’ पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त, शी पिवळी, आणि पहिल्या दिवसांत उतरलेलं वजन साधारण दोन आठवड्यांत भरून निघालेलं, हे असेल तर दूध पुरतंय. संध्याकाळचं रडणं, सारखं पिणं, काही आठवड्यांनी छाती मऊ पडणं, हाताने पिळल्यावर फारसं न निघणं, यांतलं काहीच माप नव्हे. छातीचा आकारही नव्हे.

दुसरा प्रश्न: ‘दुखतं का?’ पाजताना कळा येणं, चिरा पडणं हे ‘सोसायचंच असतं’ असं बाळंतिणीला ऐकवतात. बहुतेक वेळा बाळाची पकड चुकलेली असते. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, बोंडाभोवतालच्या काळसर भागाचाही बराचसा भाग तोंडात, असं हवं. चिरांवर तूप चोळत बसण्यापेक्षा जाणत्या परिचारिकेला समोर बसवून एकदा पाजून दाखवावं. या तरुणीचं स्वतःचं दूध वाढलं ते असंच: पकड सुधारून, दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजून, आणि बालरोगतज्ज्ञांच्या नजरेखाली, वजन बघत, डबा हळूहळू कमी करून. त्याला काही आठवडे गेले.

पथ्याचा जाच वेगळाच. डाळ वातूळ, दही थंड, केळं नको. मग ही खाणार काय? पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. हळिवाची खीर, डिंकाचे लाडू जरूर खावेत, हळिवात लोहही असतं. मात्र दूध वाढतं ते बाळाच्या ओढण्याने. बाळाला वरून पाणी तर नागपूरच्या मे महिन्यातही नको. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. आईला साधा सर्दी-ताप असला तरी पाजणं थांबवायचं नाही, औषध मात्र ‘मी पाजते’ असं सांगून घ्यावं.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ‘आईला दूध येतंच’ म्हणणाऱ्यांना ती दिसत नाही. थायरॉइडचा आजार, बाळंतपणात झालेला फार रक्तस्राव, स्तनावरची पूर्वीची शस्त्रक्रिया यांमुळे काही जणींना खरंच कमी दूध येतं. त्यांना टोमणे नकोत, मदत हवी. डॉक्टरांनी सांगितलं तर पावडर द्यावी: डब्यावरच्या मापानेच, पुरवठ्याला यावी म्हणून पातळ न करता, आणि बाटलीऐवजी वाटी-चमच्याने. बाळ सुस्त पडलं, पाजायलाही उठेना, लघवी कमी झाली किंवा पिवळेपणा तळव्यांपर्यंत उतरला, तर घरात चर्चा न करता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.