अनाथांचा समाचार कसा घ्यावा?



अनाथांच्या संकटांत त्यांचा समाचार घ्यावा, ही याकोबाच्या पत्रांतील शिकवण (अध्याय १, वचन २७) आमच्या मंडळ्यांत लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. परंतु तो समाचार कोणत्या रीतीनें घ्यावा, हें तेथें विस्तारानें सांगितलेलें नाहीं. तें आपण विचार करून शिकावयाचें आहे. ह्या पाठासाठीं आम्ही आफ्रिका खंडांतील उदाहरण घेत आहों.

अलीकडच्या काळांत यूरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील पुष्कळ तरुण स्त्रीपुरुष केनिया, युगांडा, घाना, दक्षिण आफ्रिका इत्यादि देशांतील अनाथालयांत दोन-चार आठवडे राहून लहान मुलांची सेवा करितात. प्रवासाचा खर्च ते पदरचा करितात आणि वर संस्थेस पैसेही देतात. मुलांस भरवितात, खेळवितात, कडेवर घेतात, आणि निघतांना त्यांचे डोळे भरून येतात. त्यांच्या हेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं. अशीं चित्रें पाहून आम्हीही पूर्वीं आनंद मानला आहे. म्हणून दोष दुसऱ्याच्या माथीं मारून आम्ही मोकळे होत नाहीं. तथापि सेवेची पारख सेवकाच्या हेतूवरून होत नसते. ज्या लेंकराची सेवा करावयाची त्याच्या हितावरून ती करावी लागते.

१. अनाथ कोणास म्हणावें?

ज्यास आई नाहीं व बापही नाहीं तें मूल अनाथ, असें आपण समजतों. परंतु संयुक्त राष्ट्रांची युनिसेफ ही संस्था अनाथांची गणना करिते तेव्हां आईबापांपैकीं एकच वारलेलीं मुलेंही तींत धरिते. २००९ सालीं 'सेव्ह द चिल्ड्रन' ह्या संस्थेनें असें प्रसिद्ध केलें कीं, जगांतील आश्रमांत राहणाऱ्या दर पांच मुलांपैकीं निदान चौघांची आई किंवा बाप जिवंत आहे.

तर मग तीं मुलें आश्रमांत कां? बहुतेक वेळां दारिद्र्यामुळें. घरांत पोटभर अन्न नाहीं, शाळेची फी देववत नाहीं, मूल अपंग किंवा आजारी आहे, आई बाळंतपणांत वारली व तान्ह्यास पाजावयास दूध नाहीं. अशा वेळीं आजी किंवा मामा मनावर दगड ठेवून मुलास आश्रमाच्या दारीं नेतात. ह्याहून खेदाची गोष्ट ही कीं, जेथें पाहुणे व पैसा येऊं लागतो तेथें पाहुण्यांस दाखविण्यासाठीं मुलें हवीं असतात. कित्येक ठिकाणीं शिक्षणाचें आमिष दाखवून खेड्यांतून मुलें आणलीं गेलीं आहेत. म्हणून डिसेंबर २०१९ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें ठरावांत सर्व देशांस असें सांगितलें कीं, अनाथालयांतील पाहुण्या स्वयंसेवेपासून मुलांची जी हानि होते ती थांबवावी.

२. लेंकराचें मन

इंग्रज डॉक्टर जॉन बोल्बी ह्यांनीं १९५१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेसाठीं लिहिलेल्या अहवालांत असें दाखविलें कीं, लहान मुलाच्या मनास आईची, अथवा आईच्या ठिकाणीं कायम राहणाऱ्या माणसाची, अखंड माया लागते. पुढें २००० सालापासून रुमानिया देशाच्या बुखारेस्ट शहरीं आश्रमांतील १३६ लहान मुलांची पाहणी झाली. त्यांतील निम्मीं मुलें पालक कुटुंबांत देण्यांत आलीं. कुटुंबांत गेलेल्यांची वाढ आश्रमांत राहिलेल्यांपेक्षां चांगली झाली.

आतां आफ्रिकेंतील त्या पाहुण्याकडे पुन्हां वळूं. तो दारांत दिसतांच आश्रमांतील मूल धांवत येऊन त्याच्या गळ्यांत पडतें. त्यास वाटतें, किती मायाळू लेंकरूं हें! परंतु आपल्या घरचें मूल पाहा. परका माणूस आला कीं तें आईच्या पदराआड लपतें, आणि तेथून हळूच डोकावतें. हेंच निरोगी मनाचें लक्षण होय. जें कोणाच्याही गळ्यांत पडतें त्याचें मन मायेसाठीं भुकेलें आहे, असें समजावें. पंधरा दिवसांनीं तो पाहुणा जातो, दुसरा येतो, तोही जातो. पाहुण्यास तो एकदांचा निरोप असतो. मुलास मात्र दर वेळीं नवा वियोग होतो. ज्याच्यावर जीव लावावा तो जातोच, एवढा एकच धडा तें शिकतें.

३. जी राहिली ती

मेरी स्लेसर ह्या स्कॉटलंडांतील डंडी शहरच्या गिरणींत काम करीत असत. १८७६ सालीं त्या हल्लींच्या नायजेरिया देशांतील कॅलाबार येथें गेल्या. त्या प्रांतांत जुळें जन्मलें तर तें भुताचें कृत्य समजून मुलांस मडक्यांत घालून रानांत टाकीत आणि आईस हांकून देत. मेरीबाईंनीं अशीं मुलें उचलून घरीं आणिलीं. त्या तेथील एफिक भाषा शिकल्या, १८८८ सालीं ओकोयोंग लोकांत जाऊन मातीच्या घरांत राहूं लागल्या, आणि लोकांच्या मनांतील भय घालविण्यासाठीं झटल्या. जेनी नांवाची जुळ्यांतील एक मुलगी तर त्यांची लेकच होऊन राहिली. १९१५ सालीं मेरीबाईंनीं त्याच देशांत देह ठेवला. जवळजवळ चाळीस वर्षांची ही सेवा होती; त्या मुलांस त्या पाहुण्या नव्हत्या.

४. गांवचे स्वयंसेवक

१९९४ सालीं रुआंडा देशांत भयंकर कत्तल होऊन असंख्य मुलें पोरकीं झालीं. कित्येकांस शेजाऱ्यांनीं व विधवांनीं आपल्या घरांत घेतलें, कित्येक आश्रमांत गेलीं. २०१२ सालीं तेथील सरकारनें आश्रम हळूहळू बंद करून मुलांस कुटुंबांत पोंचविण्याचें ठरविलें. ह्या कार्याच्या नांवाचा अर्थच असा आहे कीं, 'मुलांस कुटुंबांत वाढवूं या'. आधीं मुलाचे नातलग शोधावयाचे; ते न मिळाले तर पालक कुटुंब पाहावयाचें. ह्या कामासाठीं प्रत्येक गांवांतून एक पुरुष व एक स्त्री असे दोन स्वयंसेवक निवडण्यांत आले. त्यांस 'कुटुंबाचे मित्र' म्हणतात. देशभर त्यांची संख्या सुमारें तीस हजार झाली. त्यांस मुलाच्या आजीचें घर ठाऊक असतें, आणि ते उद्याही त्याच गांवांत असतात.

५. ह्यावरून आपण काय शिकावें?

मोशेची गोष्ट (निर्गम, अध्याय २) आठवा. फारोच्या कन्येस नदीकांठीं पेटींत मूल सांपडलें. तिच्याजवळ वाडा होता, दासी होत्या. परंतु मुलाच्या बहिणीचें ऐकून तिनें एक दाई आणविली, तिला वेतन ठरवून दिलें, आणि मूल तिच्या हातीं सोंपविलें. ती दाई मुलाची आईच होती. राजकन्येस हें ठाऊक नव्हतें. आपणांस ठाऊक आहे. म्हणून आपली मदत अधिक समजून व्हावी.

(१) दूरच्या आश्रमासाठीं दान मागितलें गेलें तर विचारावें: मुलांचे नातलग शोधले आहेत काय? गेल्या वर्षीं किती मुलें घरीं परत गेलीं? कोणीही परका येऊन मुलास उचलूं शकतो काय? शेवटच्या प्रश्नाचें उत्तर होय असें आल्यास तें दार मुलांसाठीं सुरक्षित नाहीं असें समजावें.

(२) मुलास घरींच ठेवतां येईल अशी मदत आधीं करावी: आजीस धान्य, आईस औषध, शाळेची फी, तान्ह्यासाठीं दूध.

(३) कोणी तरुण जाऊंच इच्छील तर त्यानें भाषा शिकावी, पुष्कळ काळ राहावें, आणि मुलांस सांभाळणाऱ्या तेथील बायांच्या हातांस बळ द्यावें. दुरुस्ती, हिशेब, वैद्यकी, शिक्षकांस शिकविणें, अशीं कामें पुष्कळ आहेत.

कोणी म्हणेल, ज्यास खरोखरच कोणी नाहीं त्याचें काय? त्यास पालक कुटुंब मिळावें. तें मिळेपर्यंत लहानसें घर आणि तींच तींच माणसें मिळावीं. अशा घरांत निष्ठेनें आयुष्य वेंचणाऱ्यांस आम्ही नमस्कार करितों.

उपदेशकांनीं मंडळीस विचारावयाचे प्रश्न: आपल्या गांवांत आई किंवा बाप वारलेलें मूल कोणाच्या घरीं आहे? त्या घरास ह्या महिन्यांत काय कमी पडत आहे? आणि तें विचारावयास कोण जाईल, व पुढच्या महिन्यांत पुन्हां कोण जाईल?