पिन काढायची नाही

मुक्कामाला थांबलं की ट्रॅक्टरपासून ट्रॉल्या सोडाव्यात की जोडलेल्याच ठेवाव्यात, यावरून आमच्या ऊसतोड टोळीत दर हंगामाला एकदा तरी वाजतंच. सोडा म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा, की मोकळा ट्रॅक्टर हाताशी असला तर डिझेल आणता येतं, पाणी आणता येतं, कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर अडत नाही. माझं मत याच्या उलट आहे. एका रात्रीचा मुक्काम असेल तर ट्रॉली जोडणाऱ्या पिनेला हात लावायचा नाही. नेकनूर भागातल्या टोळ्या घेऊन मी सांगली-कोल्हापूरच्या साखर कारखान्यांपर्यंत ट्रॅक्टर चालवला आहे. जे पाहिलं त्यावरून बोलतोय.

ज्यांना हा प्रवास ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेले असे आठ-दहा कोयते एका ट्रॅक्टरवर निघतात. मागं दोन ट्रॉल्या. त्यात पत्र्याच्या पेट्या, खोपीचे बांबू, ताडपत्री, बाजरीची पोती, सरपण, कोंबड्यांची डालगी, एखादी शेळी, आणि या सगळ्यावर बसलेली लेकरं. ट्रॉलीत माणसं बसवणं कायद्यात बसत नाही हे आम्हालाही ठाऊक आहे आणि चौकातल्या पोलिसालाही. पण बिऱ्हाड हलवायला दुसरं वाहन कोणी देत नाही, म्हणून बीड जिल्ह्यातली लाखो माणसं वर्षानुवर्षं अशीच जातात.

त्यातून गाळप कधी सुरू करायचं ते सरकार ठरवतं. २०२३ साली १ नोव्हेंबर होता, २०२४ साली १५ नोव्हेंबर. तारीख जाहीर झाली की सगळ्या टोळ्या एकाच आठवड्यात रस्त्यावर येतात. नेकनूरहून येळंबघाटावरून मांजरसुंब्याला आलं की धुळे-सोलापूर महामार्ग लागतो. कपिलधारची कार्तिकी पौर्णिमेची यात्रा याच सुमाराला गाठ पडली, तर मन्मथस्वामींच्या दर्शनाला निघालेल्या पायी दिंड्याही त्याच रस्त्याला. पुढं चौसाळा, येरमाळा, मग बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर. भरल्या ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर हे अंतर एका दमात तोडत नाही. रात्र कुठंतरी काढावीच लागते, आणि पंप, ढाबे आधीच आलेल्या टोळ्यांनी भरलेले असतात. मग मिळेल तिथं थांबतात, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

आमच्यापुढं चाललेला एक ट्रॅक्टर असाच बार्शीच्या अलीकडं रस्त्याकडेच्या उतारावर थांबला. तोंड चढाकडं, ट्रॉल्यांची शेपटी उताराकडं. डिझेल कमी होतं आणि पंप मागं राहिला होता. दोन ट्रॉल्या घेऊन त्या अरुंद रस्त्यावर वळणं शक्य नव्हतं. डायव्हरनं पुढच्या ट्रॉलीच्या दांड्याखाली स्टँड उभा केला, एका चाकाला दगड लावला, पिन काढली आणि मोकळा ट्रॅक्टर घेऊन तो पंपाकडं गेला.

दोनचाकी ट्रॉलीचं तंत्र बैलगाडीसारखंच असतं. पुढचा भार जुवावर नसेल तर गाडी उलाळ होते. इथं तर मागच्या ट्रॉलीचा दांडा पुढच्या ट्रॉलीच्या शेपटावर टेकलेला, म्हणजे मागं आधीच वजन. त्यात बायकांनी स्वयंपाकासाठी पुढच्या ट्रॉलीच्या तोंडाकडची पोती, पेट्या, सरपण खाली घेतलं आणि दोन पोरं अंथरूण काढायला मागच्या बाजूनं चढली. दांडा उचलला गेला, स्टँड जमिनीवरून सुटला. एवढा वेळ ट्रॉल्या जागेवर होत्या त्या त्या स्टँडमुळं. या ट्रॉल्यांना ब्रेक नसतो. एका चाकाखालचा दगड सरकला, दोन्ही ट्रॉल्या मागं घरंगळल्या, मागची आडवी मुडपली आणि चारीत गेली. पोरांनी वेळेत उड्या टाकल्या. बाकीची माणसं बाजूला चुलीपाशी होती, म्हणून वाचली. मागच्या ट्रॉलीला बांधलेल्या शेळीचा पाय मोडला.

खरं नुकसान पुढं झालं. ट्रॅक्टर परत आला, आम्ही सगळ्यांनी हातभार लावून ट्रॉल्या वर काढल्या आणि अंधारात पुन्हा जोडायला घेतल्या. ट्रॅक्टर बोटभर मागं, बोटभर पुढं करत हुकाचं भोक दांड्याच्या भोकाशी जुळवावं लागतं. टोळीतल्या एका पोरानं भोक जुळलं का ते बोट घालून पाहिलं. त्याच वेळी दांडा सरकला. उजव्या हाताच्या बोटाची दोन पेरं गेली. त्या हंगामात त्याला कोयता धरता आला नाही. बायको एकटी मोळ्या बांधत राहिली, तोडायला माणूस नाही, आणि अंगावरची उचल तशीच राहिली. उतारावरून सुटलेल्या ट्रॉल्यांनी माणूस मारला नाही. ट्रॉली पुन्हा जोडताना एक संसार वर्षभर मागं गेला.

म्हणून मी म्हणतो, सोडणं आणि जोडणं या कामांसाठी दिवसाचा उजेड लागतो, सपाट जागा लागते आणि ताजा माणूस लागतो. मुक्कामाच्या रात्री यातलं काहीच नसतं.

परदेशात मोटारीमागं चाकावरचं घर ओढत हिंडणारी माणसं आहेत, त्यांच्यातही हाच वाद चालतो म्हणे. त्यांच्यातले अनेक जण एका रात्रीसाठी गाडी सोडत नाहीत. जागा सपाट बघतात आणि दांड्याखालचा जॅक थोडा खाली टेकवतात, म्हणजे मोटारीच्या स्प्रिंगवरचा भार हलका होतो. आपल्या ट्रॅक्टरला मागं स्प्रिंगच नसते, म्हणून तेवढं आपल्याला लागू नाही. तरी स्टँड टेकवून ठेवायला हरकत नाही. सकाळी तो वर घ्यायला विसरू नका.

जोडून ठेवायचं तर वाहन लांबलचक होतं, ते रस्त्यावर येतं, हा आक्षेप मात्र खरा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२२ वाहनाबरोबर ट्रेलरचंही नाव घेऊन सांगतं, की सार्वजनिक जागी इतरांना धोका किंवा अडथळा होईल असं ते उभं करू नये. त्यावर उपाय पिन काढणं नाही, जागा नीट निवडणं आहे. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागं घेता येत नाही. पहिली ट्रॉली एकीकडं वळते, दुसरी तिसरीकडं. भले भले डायव्हर तिथं घाम गाळतात. तेव्हा एका तोंडानं आत जाऊन दुसऱ्या तोंडानं सरळ बाहेर पडता येईल अशीच जागा शोधायची: दोन फाटकांचा पंप, ढाब्याचं मोकळं आवार, बाजारतळ. ती दिवस मावळायच्या आत शोधायची. आणखी थोडं पुढं जाऊ म्हणणाऱ्या मुकादमाचं ऐकायचं नाही. डिझेल निघतानाच भरायचं. वाटेत कमी पडलंच तर मुकादमाची मोटारसायकल आणि एक कॅन पुरे होतो. आजारी माणसासाठी १०८ ला फोन करा. ट्रॅक्टरपेक्षा ती गाडी लवकर पोचते.

थांबल्यावर ब्रेकच्या दोन्ही पायट्या एकमेकींना कडीनं जोडून हँडब्रेक ओढायचा. शेतात वळण्यासाठी ही कडी सोडलेली असते आणि तशीच राहते. मग ब्रेक एकाच चाकाला लागतो. इंजिन बंद करून गियर टाकायचा. तोंड चढाकडं असेल तर पहिला, उताराकडं असेल तर रिव्हर्स. ट्रॅक्टरच्या आणि दोन्ही ट्रॉल्यांच्या चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, दगड नव्हे. पिनेच्या टोकाला क्लिप आहे का बघायचं. तिथं खिळा किंवा तार अडकवलेली मी अनेकदा पाहिली आहे. पिनेशिवाय एक साखळीही असू द्या. किल्ली डायव्हरच्या खिशात.

आता झोपण्याविषयी, कारण जोडलेल्या वाहनाचा खरा धोका तिथं आहे. जोडलेलं वाहन कधीही हलू शकतं. दंव पडतं म्हणून माणसं ट्रॉलीखाली अंथरूण टाकतात. बायका तान्ह्या लेकराची झोळी दांड्याला किंवा ट्रॉलीच्या बुडाला बांधतात. पहाटे गडबडीत निघणाऱ्या डायव्हरला बसल्या जागेवरून यातलं काहीच दिसत नाही. झोळी झाडाला बांधा, झाड नसेल तर लेकराला जवळ घ्या. ट्रॉलीच्या खाली, पुढं, मागं कोणी झोपायचं नाही. झोपायचं ते रस्त्याच्या उलट बाजूला आणि लांब. मागच्या ट्रॉलीतही कोणी झोपू नये. मागून येणाऱ्या ट्रकला पहिली तीच लागते. तिच्या पाठीला लाल रिफ्लेक्टर हवा, आणि त्यावर लोंबणारी ताडपत्री, धुणं काढून टाकायला हवं. सकाळी इंजिन चालू करण्याआधी टोळीतल्या एखाद्या जाणत्या बाईनं लेकरं मोजावीत आणि ती 'हो' म्हणाल्याशिवाय डायव्हरनं क्लच सोडू नये. हे काम बाईलाच द्या. बापांना आपली लेकरं कुठं झोपलीत हे माहीत नसतं, असा माझा अनुभव आहे.

ट्रॉली सोडणं भागच पडतं असे प्रसंगही येतात. ट्रॅक्टरच बिघडला, टायर फुटला, वाट अडली. तेव्हा आधी सगळी माणसं खाली उतरवा, चारही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, मग पिन काढा, आणि पुन्हा जोडेपर्यंत ट्रॉलीतलं सामान हलवू नका. जोडताना भोक जुळवायला पहार वापरा. बोट कधीच नाही.

मुकादमांना एक विनंती आहे. यंदा निघण्याआधी प्रत्येक ट्रॅक्टरमागं क्लिपांसकट दोन चांगल्या पिना, दोन साखळ्या, ठोकळे आणि रिफ्लेक्टर घ्या, आणि तो खर्च कोयत्यांच्या उचलीतून वळता करू नका.